दोन विमानतळ आणि एक चिठ्ठी : मांद्रे येथील एका इंग्रजी दूरध्वनी-निरोपाचा प्रकरण अभ्यास

गोव्यात, पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका मराठीभाषक कुटुंबाचे छोटे गेस्ट हाउस आहे. ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम असतो आणि या काळात इंग्लंडहून येणाऱ्या वयस्क जोडप्यांवर त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका जोडप्याच्या आगमनाविषयीचा निरोप तेथील दूरध्वनीवर इंग्रजीतून आला. तो घेतला गेला, कागदावर उतरला, मालकांपर्यंत आणि तेथून गाडीच्या चालकापर्यंत वेळेत पोहोचला. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाबोळीच्या विमानतळावर आणि पाहुणे मोपाच्या विमानतळावर अशी अवस्था झाली. या प्रकरणात कोणी आळस केला नाही, कोणी निरोप विसरले नाही आणि निरोप घेणाऱ्या मुलीचे इंग्रजी कच्चेही नाही. म्हणूनच ते तपशिलाने नोंदवावे असे मला वाटते. मी म्हापसा परिसरात हॉटेल आणि पर्यटन व्यवसायात काम करणाऱ्यांना व्यवहारातील इंग्रजी शिकवते. गेस्ट हाउसच्या मालकांनी ती चिठ्ठी माझ्याकडे आणून दिली, मुलीने सर्व प्रसंग मोकळेपणाने सांगितला आणि पाहुण्यांच्या कन्येनेही नंतर पाठवलेल्या ईमेलमध्ये आपण काय बोललो ते आठवून लिहिले. या तिन्हींच्या आधारे, संबंधितांच्या संमतीने आणि नावे वगळून, हे प्रकरण मांडत आहे.

पार्श्वभूमी

गोव्यात नोकरी-धंदा करणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही, परंतु बाहेरच्या वाचकासाठी नोंदवते. २०२३ च्या जानेवारीत पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तोपर्यंत ‘गोवा एअरपोर्ट’ या शब्दांचा अर्थ एकच होता, तो म्हणजे मुरगाव तालुक्यातील, नौदलाच्या तळावर असलेला दाबोळीचा विमानतळ. आता दोन्ही चालू आहेत. विमान कंपन्यांच्या सांकेतिक अक्षरांत दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. तिकिटावर मात्र दोन्हीकडे ठळक अक्षरांत ‘गोवा’ असते आणि परदेशी प्रवाशाची नजर तेवढ्यावरच थांबते. मांद्रेहून मोपा तासाभराच्या आत गाठता येते. दाबोळीला जायचे तर शिवोलीला शापोरा, पणजीला मांडवी आणि पुढे जुवारी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात आणि दीड ते दोन तास सहज जातात. एका विमानतळावर चुकून गेलेली गाडी दुसऱ्यावर वेळेत पोहोचणे अशक्यच असते.

पाहुणे मुंबईमार्गे बुधवारी रात्री दाबोळीला उतरणार होते. गावातलाच टॅक्सीवाला संध्याकाळी सातच्या सुमारास निघणार होता. पावणेसातला गेस्ट हाउसचा फोन वाजला. मालक कामासाठी म्हापशाला गेले होते, त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरात होत्या आणि फोन त्यांच्याकडे हंगामापुरती काम करणाऱ्या मुलीने घेतला. तिचे प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत आणि पाचवीपासून पुढचे इंग्रजीतून झाले आहे. ती वाणिज्य शाखेची पदवीधर असून पाहुण्यांशी होणारा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार तीच पाहते. समोरासमोर बोलतानाही ती अडत नाही.

फोन आणि चिठ्ठी

पाहुण्यांची कन्या इंग्लंडहून बोलत होती. आईवडिलांचे मुंबईतील पुढचे विमान चुकले होते, त्यांचे फोन भारतात चालत नव्हते आणि आरक्षण तिने केले असल्याने बदललेल्या प्रवासाचा ईमेल तिच्याकडे आला होता. तिला जे आठवते त्यानुसार ती साधारण असे बोलली: ‘हॅलो, आयम कॉलिंग अबाउट माय मम अँड डॅड, दे आर बुक्ड इन विथ यू फ्रॉम टुनाइट. दे हॅव मिस्ड देअर कनेक्शन इन मुंबई, सो इट वोन्ट बी टुनाइट नाउ, इट विल बी टुमारो मॉर्निंग, हाफ सेव्हन, अँड इट्स द अदर एअरपोर्ट, नॉट द वन वी सेड. कुड यू लेट द ड्रायव्हर नो? ओ, अँड डॅड कान्ट हॅव शेलफिश, आय फरगॉट टू पुट इट ऑन द फॉर्म. एनी प्रॉब्लेम्स, रिंग मी बिफोर फाइव्ह, माय टाइम.’ यापुढे तिने आडनाव सांगितले, त्याची अक्षरे सांगितली आणि आपला मोबाइल क्रमांक एका दमात म्हटला: ‘ओ डबल सेव्हन, डबल ओ, नाइन डबल ओ, वन फोर सिक्स.’ (खरा क्रमांक येथे दिलेला नाही. हा ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ऑफकॉमने, नाटक-चित्रपटांत वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांपैकी आहे. रचना मात्र तीच आहे.)

मुलीने पाठकोऱ्या कागदावर जे लिहिले ते असे होते:

इंग्लंडहून फोन, पाहुण्यांची मुलगी. आडनाव एस पासून.
आज येणार नाहीत. उद्या सकाळी ७ ?
एअरपोर्ट. ड्रायव्हरला सांगणे.
फिश नको.
५ च्या आधी फोन. ०७७०९००१४६

निरोपातील सर्वांत तातडीचा भाग, म्हणजे आज रात्री गाडी पाठवू नये हा, अचूक घेतला गेला. मुलीने लगेच टॅक्सीवाल्याला थांबवले आणि एक व्यर्थ फेरी टळली. हे श्रेय तिला द्यायलाच हवे, कारण नंतरच्या गोंधळात सगळे ते विसरून गेले. बाकी प्रत्येक ओळीत काहीतरी गळले किंवा बदलले होते. साडेसातचे सात झाले, ‘दुसरा’ हा शब्द गेला, शेलफिशचे, म्हणजे कोळंबी-शिंपल्यांसारख्या कवचातल्या माशांचे, नुसते फिश झाले, ‘माझ्या वेळेनुसार’ हे शब्द गेले, एफने सुरू होणारे आडनाव एसने सुरू झाले आणि दूरध्वनी क्रमांकातील एक शून्य हरवले.

मालक साडेआठला परतले. चिठ्ठी वाचून त्यांनी टॅक्सीवाल्याला फोन केला, ‘अरे, उद्या पहाटेच निघ, सातला विमान आहे,’ असे सांगितले आणि तो विषय संपला. कोणत्या विमानतळावर जायचे याचा प्रश्नच निघाला नाही, कारण आधीचे ठरलेले दाबोळी सर्वांच्या डोक्यात होते. पाचच्या आधी फोन करण्याची वेळ टळून गेली असे त्यांना वाटले. वास्तविक ती टळली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर भारत ब्रिटनच्या साडेपाच तास पुढे असतो. म्हणजे तिच्या पाच वाजेपर्यंतची मुदत आपल्याकडे रात्री साडेदहापर्यंत होती. चिठ्ठी मालकांच्या हाती पडली तेव्हा शंका फेडून घ्यायला दोन तास शिल्लक होते.

सकाळी टॅक्सीवाला साडेसहालाच दाबोळीला हजर होता, हातात चुकीच्या आडनावाचा फलक घेऊन. पाहुणे साडेसातला मोपाला उतरले. आपल्या नावाचा फलक शोधत त्यांनी तासाभराहून अधिक वेळ काढला आणि शेवटी विमानतळावरूनच दुसरी टॅक्सी करून, दमलेल्या आणि रागावलेल्या अवस्थेत, ते मांद्रेला पोहोचले. मालकांनी दोन्ही टॅक्सींचे भाडे स्वतः सोसले. पैशापेक्षा त्यांना लागले ते पाहुण्यांच्या तोंडचे एक वाक्य: ‘आम्ही सगळे सांगून ठेवले होते.’

मुलीचे म्हणणे

मालकांनी तिला विचारले ते रागाने नव्हे. ‘अगो, सातच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलंस, मग विचारलं का नाहीस?’ तिचे उत्तर मी तिच्याच शब्दांत देते, कारण या प्रकरणाचे मूळ त्यात आहे: ‘काका, मी एकदा सॉरी म्हटलं होतं. त्यांनी सगळं परत सांगितलं, पण तेवढ्याच वेगाने. दुसऱ्यांदा सॉरी म्हणायला जीभ वळेना. त्यांना वाटलं असतं, इथे कुणाला इंग्रजीच येत नाही.’

आपल्या शाळांतून इंग्रजी शिकलेल्या मुलामुलींमध्ये ही भीती मी सतत पाहते. ‘कळले नाही’ असे म्हणणे म्हणजे परीक्षेत नापास होण्यासारखे आहे असे त्यांच्या मनात कुठेतरी खोल बसलेले असते आणि समोरची व्यक्ती इंग्रज असली की ते दुप्पट होते. म्हणून ती मुले समजल्याचा आवाज काढतात. या मुलीनेही संपूर्ण संभाषणभर ‘येस, येस, ओके’ असे म्हटल्याचे सांगितले. आपल्याकडे फोनवर ‘हां, हां’ म्हणणे म्हणजे ‘मी ऐकते आहे, तुम्ही बोला’ एवढेच असते. इंग्लंडमधल्या व्यक्तीने निरोप सांगताना ‘येस’ ऐकले की ते वाक्य पोहोचले, लिहिले गेले, असे ती समजते आणि पुढे सरकते. कन्येच्या ईमेलमध्ये नेमके हेच होते: मुलगी इतक्या खात्रीने होकार देत होती की पुन्हा सांगण्याची गरज कन्येला भासली नाही.

माझ्या मते येथे दोष इंग्रजीच्या ज्ञानाचा नाही. ‘अदर’ आणि ‘हाफ’ हे शब्द त्या मुलीला ठाऊक नाहीत असे कोण म्हणेल? ते तिच्या कानांवरून गेले, काहीतरी निसटल्याचे तिला त्याच क्षणी कळले आणि त्याची साक्ष म्हणून चिठ्ठीवर ते प्रश्नचिन्ह आहे. शंका कागदावर आली, फोनच्या तोंडापर्यंत आली नाही. जी एकमेव व्यक्ती त्या शंकेचे उत्तर देऊ शकत होती तिच्यापासून ती लपवली गेली आणि ज्यांना उत्तर माहीत असणे शक्यच नव्हते त्या मालकांपुढे ठेवली गेली.

शिवाय ‘सॉरी?’ हा प्रश्नच निरुपयोगी आहे, हे मी प्रत्येक वर्गात सांगते. ‘सॉरी?’ ऐकल्यावर बोलणाऱ्याला कळत नाही की काय निसटले, म्हणून तो सगळे पुन्हा सांगतो आणि सगळे पुन्हा त्याच ठिकाणी निसटते. त्याऐवजी जे ऐकू आले ते सांगून जे आले नाही तेवढेच विचारावे. ‘टुमारो मॉर्निंग, येस. व्हॉट टाइम, प्लीज?’ किंवा ‘विच एअरपोर्ट, प्लीज, मोपा ऑर डाबोलिम?’ असा प्रश्न ऐकून कोणीही समोरच्याला अडाणी समजत नाही. उलट ही बाई कामाची आहे, नीट लिहून घेते आहे, असे वाटते. मुलीला हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे नेमकं विचारलं तर इज्जत जात नाही.’ मला यात काही घालावेसे वाटले नाही.

फोनची तार आणि इंग्रजीची अक्षरे

मुलीची बाजू घेताना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून माणसाचा संपूर्ण आवाज जातच नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवला जातो. स, फ आणि इंग्रजीतील थ यांसारख्या घर्षणाने होणाऱ्या ध्वनींची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो. त्यामुळे एफ आणि एस ही दोन अक्षरे फोनवर जवळजवळ सारखी ऐकू येतात आणि जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचीही तेथे फसगत होते. एम आणि एन, तसेच बी, डी, पी, टी, व्ही यांचा गटही असाच घातक आहे. नव्या मोबाइल जाळ्यांवर सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो, पण दोन्ही टोकांना आणि मधल्या सर्व मार्गावर ती सोय असेल तरच. गेस्ट हाउसचा फोन साधा लँडलाइन होता.

या अडचणीवर उपाय म्हणून विमानवाहतुकीत आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला वापरतात; तिचे आजचे रूप १९५६ पासून चालू आहे. ती पाठ असेल तर उत्तमच. परंतु गेस्ट हाउसच्या कामाला तेवढ्याची गरज नाही. आपल्याकडे ‘डी फॉर दिल्ली, एम फॉर मुंबई’ अशी सवय असते आणि भारतीयांशी बोलताना ती चालते. इंग्लंडमधल्या माणसाशी बोलताना मात्र त्याच्या ओळखीचे शब्द घ्यावेत, ‘एफ फॉर फादर, ऑर एस फॉर सिस्टर?’ असे. आडनावाची सगळी अक्षरे अशी सांगत बसण्याचेही कारण नाही. ज्या अक्षरांत घोटाळा संभवतो तेवढीच विचारली की पुरे.

आकड्यांचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. ‘डबल ओ, नाइन डबल ओ’ या ओळीतले एक शून्य लिहिताना गळले आणि अकरा अंकांचा क्रमांक दहा अंकांचा झाला. ही चूक डोळ्यांत भरायला हवी होती. ती भरली नाही, कारण आपले मोबाइल क्रमांक दहाच अंकांचे असतात आणि दहा अंक दिसले की आपल्या मनाचे समाधान होते. ब्रिटनचा मोबाइल क्रमांक तेथल्या तेथे सांगताना ०७ ने सुरू होतो आणि एकूण अकरा अंकांचा असतो. भारतातून लावताना सुरुवातीचे शून्य गाळून त्याऐवजी ००४४ लावायचे. ही माहिती फोनजवळ लिहून ठेवली असती तर मुलीला अंक मोजूनच चूक सापडली असती. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतही असाच धोका असतो. त्यावर ‘वन थ्री ऑर थ्री झीरो?’ असे विचारणे हा खात्रीचा उपाय आहे.

‘हाफ सेव्हन’बाबत एवढेच सांगते की ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ साडेसात असा होतो. शाळेत ‘हाफ पास्ट सेव्हन’ शिकलेल्या आपल्या मुलांना तो ‘पास्ट’ नसल्याने शंका येते. वेळ नेहमी अंकांत परत म्हणावी, ‘सेव्हन थर्टी इन द मॉर्निंग, इंडियन टाइम?’ असे. शेलफिशच्या बाबतीत नशिबाने साथ दिली. ‘फिश नको’ असे वाचून मालकीणबाईंनी त्या सद्‌गृहस्थांच्या ताटातून सगळेच नुस्ते (मासळी) वगळले, त्यात सुंगटे (कोळंबी) आणि तिसऱ्याही (शिंपल्या) आपोआप वगळल्या गेल्या. निरोप उलट्या बाजूने तुटला असता तर काय झाले असते याचा विचारही नको. गोव्याच्या स्वयंपाकात भाजीतही सुकी सुंगटे पडतात आणि किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) तर बहुधा त्यांचेच असते. ज्याला कवचातले मासे सोसत नाहीत त्याच्या जिवाशी हा खेळ होऊ शकतो.

निरोप सांगणाऱ्या कन्येकडेही जबाबदारीचा वाटा जातो. तिने ‘द अदर एअरपोर्ट’ म्हटले, कारण तिच्यापुढे ईमेल उघडा होता आणि तिच्या मनात दोन्ही विमानतळ स्पष्ट होते. ‘मोपा’ हा एकच शब्द उच्चारला असता तर इतका लेख लिहायची वेळ आली नसती. निरोप ठेवताना ‘दुसरा’, ‘आधी सांगितला तो’, ‘नेहमीचा’ असे मागच्या गोष्टीकडे बोट दाखवणारे शब्द वापरू नयेत; नाव घ्यावे. हे तिने ईमेलमध्ये स्वतःहून मान्य केले. तरीही माझा कल असा आहे की व्यवसायात निरोप घेणाऱ्याने सांगणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून राहू नये. प्रवासात आईवडील अडकलेली मुलगी शिस्तीत बोलेल अशी अपेक्षा का करावी?

काय बदलले

मालकांचा पहिला विचार असा होता की यापुढे सगळे व्हॉट्सॲपवर मागवावे आणि लँडलाइन काढूनच टाकावी. लेखी निरोपाचे फायदे कोणी नाकारत नाही आणि त्यांनी आरक्षणाच्या उत्तरात व्हॉट्सॲपचा क्रमांक घातला, हे योग्यच झाले. पण अडचणीत सापडलेला माणूस हाताला जो क्रमांक लागेल तो फिरवतो. गोव्यात ज्यांच्या घरची माणसे आखातात, जहाजावर किंवा इंग्लंडमध्ये आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकेकाळी अख्ख्या वाड्याचे निरोप एका दुकानाच्या किंवा शेजारघरच्या पीपी नंबरवर येत आणि तेथल्या माणसाने ते नीट पोहोचवले नाहीत तर घरात गहजब होई. म्हणून फोन ठेवावा आणि तो घेण्याची रीत बसवावी, असा माझा आग्रह होता.

आम्ही एक वही केली. प्रत्येक पानावर मराठीतच रकाने आखले: कोणाचा फोन, कोणासाठी, कोणत्या वाराला किती वाजता, भारताची वेळ की त्यांची, कोणते ठिकाण, परत करायचा क्रमांक आणि किती अंक, खाण्याविषयी काही. विमानतळासाठी मोपा आणि दाबोळी ही दोन्ही नावे छापील असल्यासारखी लिहून ठेवली, जेणेकरून त्यांपैकी एकावर खूण केल्याशिवाय पान पुरे होत नाही. रेल्वेने येणाऱ्यांसाठी थिवी, करमळी आणि मडगाव हीसुद्धा घातली. रिकामा रकानाच पुढचा प्रश्न सुचवतो, हा या वहीचा मोठा गुण आहे.

पानाच्या तळाशी एक इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहिले: ‘मे आय रीड दॅट बॅक टू यू?’ हे वाक्य म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, एवढा एकच कडक नियम आम्ही केला. वैमानिकाला मनोऱ्याकडून मिळालेली परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. मोपाला काय आणि दाबोळीला काय, दररोज हेच चालते आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. परत वाचून दाखवण्याचा फायदा असा की तेथे चूक शोधण्याचे काम समोरच्या माणसाकडे जाते. आपल्याला काय निसटले हे आपल्याला कळलेच नसले तरी ते त्याला कळते. ‘टुमारो, सेव्हन ओक्लॉक, डाबोलिम एअरपोर्ट’ असे त्या संध्याकाळी तिने वाचून दाखवले असते, तर कन्येने त्याच क्षणी दोन्ही चुका पकडल्या असत्या.

काही जुनी वाक्ये मोडावी लागली. फोन उचलल्यावर ‘येस, टेल मी’ म्हणण्याची सवय आपल्या ‘हां, बोला’ वरून आलेली आहे आणि इंग्रज कानांना ती तुटक लागते. त्याऐवजी गेस्ट हाउसचे नाव आणि ‘हाऊ कॅन आय हेल्प?’ हे घेतले. मालक बाहेर असतील तर ‘ही इज आउट ऑफ स्टेशन’ हे ऐकून परदेशी माणसाला रेल्वे स्टेशन आठवते. ‘ही इज आउट ॲट द मोमेंट. कॅन आय टेक अ मेसेज?’ हे सरळ आहे. सराव मात्र समोरासमोर केला नाही. समोर बसल्यावर ओठ दिसतात, हातवारे दिसतात आणि फोनची खरी अडचण नाहीशी होते. मुलीचा भाऊ घराच्या गच्चीवरून, मी म्हापशाहून, असे आम्ही तिला खऱ्या फोनवर निरोप देत राहिलो, मुद्दाम वेगाने, मुद्दाम अर्धवट. सुरुवातीला ती भरभर लिहायची आणि वाचून दाखवायचे विसरायची. नंतर तिने स्वतःच वाचून दाखवताना आवाज मोठा आणि गती संथ ठेवायला सुरुवात केली आणि तेव्हा बोलणाराही आपोआप सावकाश होतो हे तिच्या लक्षात आले. हे मी तिला शिकवलेले नव्हते.

निरोप ठेवण्याची पाळी

याच पाहुण्यांची एक बॅग मुंबईतच राहिली होती आणि तिची चौकशी करण्याचे काम मुलीवर आले. विमान कंपनीच्या सामान विभागात फोन लावला की कोणी उचलत नसे. ध्वनिमुद्रित आवाज निरोप ठेवायला सांगे आणि बीप वाजे. पहिल्या वेळी ती बीपनंतर गोंधळली, पाहुण्यांची सगळी हकिकत सांगू लागली आणि आपला क्रमांक सांगण्याआधीच वेळ संपला. यंत्रापुढे बोलताना कोणी ‘हां’ म्हणत नाही, कोणी उलट विचारत नाही. त्यामुळे घेणाऱ्याने जे प्रश्न विचारले असते त्यांची उत्तरे ठेवणाऱ्याने आधीच मांडून ठेवावी लागतात. मी तिला फोन लावण्याआधी कागदावर लिहायला सांगितले. तिने तयार केलेला निरोप असा होता:

‘गुड मॉर्निंग. धिस इज अ मेसेज अबाउट अ मिसिंग बॅग. आयम कॉलिंग फ्रॉम अ गेस्ट हाउस इन मांद्रे, नॉर्थ गोवा, ऑन बिहाफ ऑफ टू ऑफ युवर पॅसेंजर्स.’ त्यानंतर आडनाव, अक्षरांसह; विमानाचा क्रमांक आणि तारीख, महिन्याच्या नावासह, कारण आकड्यांत सांगितलेली तारीख काही देशांत उलटी वाचली जाते; बॅगेच्या चिठ्ठीवरील क्रमांक; मग ‘प्लीज कॉल अस एनी टाइम बिफोर टेन ॲट नाइट’ आणि गेस्ट हाउसचा क्रमांक, दोन-तीन अंकांचे गट करून, प्रत्येक गटानंतर थांबून, दोनदा. ‘डबल’ हा शब्द तिने स्वतःहून टाळला आणि दोन्ही अंक वेगवेगळे म्हटले. इतका निरोप अर्ध्या मिनिटाहून थोड्या जास्त वेळात बसला. त्याच संध्याकाळी विमान कंपनीचा फोन आला. मालकीणबाईंनी तो घेतला आणि वहीचे पान पुढे ओढून मुलीला हाक मारली. बॅग दुसऱ्या दिवशी मोपाला येणार होती. मुलीने विमानाची वेळ, विमानतळाचे नाव आणि सामान घ्यायला येणाऱ्याने आणायची कागदपत्रे वाचून दाखवली. पलीकडच्या गृहस्थांनी त्यात एक दुरुस्ती केली, कागदपत्रांत पासपोर्टची प्रतही हवी होती.

पाहुणे ठरल्याप्रमाणे दोन आठवडे राहिले आणि जाताना पुढच्या हंगामासाठी खोली राखून गेले. फोनजवळच्या भिंतीवर मुलीने दोन देशांच्या वेळांचा तक्ता चिकटवला आहे. त्यात साडेपाच तासांचा फरक लिहिलेला आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळे पुढे जातील तेव्हा तो साडेचार करायचा आहे आणि त्या तारखेपुढे तिने मालकांच्या कॅलेंडरवर लाल शाईने नोंद करून ठेवली आहे. हंगाम तोवर संपत आलेला असतो, पण पुढच्या ऑक्टोबरसाठीची आरक्षणे याच दिवसांत फोनवरून सुरू होतात.